डावी कडी

रेंदाळ, १२ ऑगस्ट २०२४

शालू,

थोरलीनं धाकटीला नमस्कार लिवायचा नसतो, पण ह्या खेपेला मीच लिवतो. नमस्कार.

पुराचं पाणी उतरलं का? टीव्हीवर कुरुंदवाड दाखवलं तवा मी तुझ्या क्रांतीचं घर हुडकत बसलो, पण पाण्यात सगळी घरं सारखीच दिसत्यात. फोन लावला तर तुझ्या जावयांनी उचलला. म्हणाले, सगळी माडीवर हायती, खुशाल हायती. शालूकडं द्या म्हटलं, तर म्हणाले, "मामी झोपल्यात." दुपारचे चार वाजले हुते. पंचवीस वर्षं आपण भिंतीला भिंत लावून राहिलो, दुपारी झोपलेली मी तुला एकदा बी बघितली न्हाय. असू दे.

फोनवर येत न्हाईस म्हणून कागद घेतलाय. नातीच्या वहीतला हाय. ती डोकावून गेली, म्हणाली, "आज्जी, बाईमाणसानं 'बसले' लिवायचं असतंय, 'बसलो' न्हाय." म्हटलं, बाई, शालूला मी 'बसले' म्हणून लिवलं तर तिला वाटंल दुसऱ्याच कुणाचं पत्र आलं.

परवा भाचीच्या लग्नाचं घ्यायला कोल्हापूरला गुजरीत गेलतो. सराफानं पायातल्या चांदीच्या तोरड्यांचं ताट पुढं ठेवलं. राजकोटचा माल, म्हणाला. त्यात एक जोड हातात घेतला आणि माझा हात तिथंच थांबला. कणसाची जोडणी. ज्वारीच्या कणसावर दाणं बसावं तशी एकावर एक कडी, आणि प्रत्येक कडीचं तोंड डावीकडं मिटलेलं. अख्ख्या रेंदाळात नि हुपरीत डावीकडं तोंड मिटणारी एकच बाई हुती. तू डावरी म्हणून तुझी सासू तुला ताटावरनं उठवायची, पण तुझी तोरडी कवा लुगड्याच्या काठाला अडकली न्हाय. त्या ताटात तशा तीस जोड्या हुत्या. राजकोटला तुझी जोडणी कशी गेली कुणास ठाऊक.

दुसरं असं की शिवशरणकडं हातकाम आलंय. माझं पोरगं हाय म्हणून सांगत न्हाय, खरंच चांगलं काम हाय. कोल्हापूरच्या एका सराफाला जाड तारंच्या तोरड्या पायजेत, कणसाच्या, सगळ्या हातानं जोडलेल्या. एवढी जाड तार मशीन घेत न्हाय. आपल्या गल्लीतल्या बाया तयार हायती, पण कणीस कुणालाच जमंना. मी बी चार दिवस बसलो, माझं बोट सुजलं. शिवशरण म्हणतोय, "अव्वा, शालूमावशीला बोलव."

आठ दिवस येऊन दाखवून जा. आमच्यात उतर.

तुझी
दानक्का


रेंदाळ, २ सप्टेंबर २०२४

शालू,

क्रांतीचा फोन आला. म्हणाली, "आईनं एवढंच विचाराय सांगितलंय की मशीन असताना बाई कशाला लागती." पुढं काय बोलली न्हाय. मी बी तिला काय सांगितलं न्हाय, कारण ते फोनवर सांगण्यासारखं न्हाय.

मशीन बंद हाय. फेब्रुवारीपासनं. त्याच्या पोटात एक कार्ड असतंय, हाताच्या पंजाएवढं, ते जळालं. कंपनी चीनमध्ये. कार्ड तिकडनं यायला पायजे, आलं तर बंदरात अडकून पडतंय, आणि बसवायला त्यांचाच माणूस लागतोय. त्या माणसाला आता इकडचा व्हिसा मिळंना. शिवशरण मोबाईल मशीनच्या तोंडाजवळ धरतो, तिकडनं एक पोरगी हिंदीत सांगती, "हे उघडा, ते दाबा." दोन दिवस चालतंय, तिसऱ्या दिवशी पुन्हा थांबतंय. सोप्यात त्याच्यावर चादर घातलीया.

आणि चालतं असतं तरी काय उपयोग न्हवता. घेतलं तवा तालुक्यात पहिलं हुतं. वर्षाच्या आत त्याच कंपनीनं तसलंच मशीन राजकोटला दिलं, मग आग्र्याला, मग तिकडं सेलमला. त्यांच्याकडं दहा-दहा, वीस-वीस. आमचं एक. कोल्हापूरचे सराफ आता शिवशरणचा माल हातात घेतात आणि म्हणतात, हाच माल राजकोटचा ह्याच्यापेक्षा स्वस्त पडतोय. हेच आपल्या गल्लीला आमच्या सोप्यातनं ऐकावं लागलेलं, ते मला आठवतंय. तुला वाटंल दानक्काला आता कळलं.

मशीन बसवायला आलेला माणूस तुला आठवतोय का? लिन. जानेवारी महिना हुता, २०१९. बारीक, चष्मेवाला. तू त्याला एकदा नळावर बघितलं आणि म्हणालीस, "ह्याला कुणी जेवाय घालतंय का न्हाय?" तो बावीस दिवस आमच्यात हुता. प्रेरणा त्याच्यासाठी बिनतिखटाची आमटी वेगळी काढायची. परक्या माणसापुढं सुनेला लई लाज वाटायची. भाकरी त्याला आवडायची, दह्याबरोबर खायचा. मोबाईलमध्ये त्याच्या भाषेत बोलायचा आणि मोबाईल हिंदीत बोलायचा.

एक दिवस मी जुन्या सवयीनं कड्या जोडत बसलेलो. तो येऊन जमिनीवर बसला आणि माझी बोटं बघत राहिला. मोबाईल म्हणाला, "माझी आई घरी बसून हेच करायची. पट्ट्याची बकलं जोडायची. गावातल्या सगळ्या बाया करायच्या. मग मशीन आलं." मी विचारलं, मग आता आई काय करती? "माझ्या मुलीला सांभाळते." मी विचारलं, तिला बरं वाटतंय का? त्यानं मोबाईल खिशात घातला आणि माझ्यापुढची एक कडी उचलून बघाय लागला.

त्यानं अजून एक विचारलं हुतं. कणसाच्या जोडणीसाठी मशीनचा एक हात उलटा करावा लागला, त्यात त्याचे तीन महिने गेले म्हणं. त्यानं विचारलं, हा नमुना कुणी केला.

सून चहाला बोलावतीया. बाकीचं नंतर लिवतो.

दानक्का


रेंदाळ, २० ऑक्टोबर २०२४

शालू,

दीड महिना झाला. ह्या काळात चारदा कागद घेतला आणि चारदा फाडला. चहाला कुणी बोलावलं न्हवतं. मला पुढचं लिवायचं न्हवतं म्हणून तसं लिवलं.

लिननं विचारलं, हा नमुना कुणी केला. मी म्हणालो, "मी."

त्यानं कडी आणि चिमटा माझ्यापुढं ठेवला, करून दाखवा म्हणून. मी चिमटा उजव्या हातात धरला. मग म्हटलं, हात दुखतोय. त्याला कळलं. उजव्या हाताच्या माणसाला ते जमत न्हाय हे त्याच्याएवढं कुणाला म्हाईत असणार. त्यानं बॅगेतनं पांढऱ्या कागदाची पुडी काढली आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवली. त्यात क्रांतीची तोरडी हुती.

आता सरळ सांगतो. २०१८ च्या एप्रिलात तू क्रांतीच्या लग्नासाठी जोड केलास आणि झाळण लावून कड्यांची तोंडं पक्की करायला माझ्याकडं आणून दिलास. शिवशरण आठ दिवसांनी चीनला जाणार हुता, प्रदर्शन बघायला. हुपरीतले चौघं-पाच जण चालले हुते. तो म्हणाला, "अव्वा, सगळी साधीच साखळी दाखवणार. आपल्याकडं दुसऱ्या कुणाकडं नसलेलं काय हाय?" मी उठलो आणि तुझ्या जोडातली एक तोरडी त्याच्या हातात दिली. त्यानं मागितली न्हवती, शालू. त्यानं विचारलं फक्त. दिली मी.

तुला येऊन सांगितलं, धुताना हातातनं निसटली, गटारात गेली. तू काठी घेऊन गटारात हुडकलंस. समोरची धोंडुबाई बी हुडकाय लागली. मी बी तुमच्याबरोबर वाकून हुडकलं. मग तू म्हणालीस, "जाऊ दे दानक्का, सोनं तर न्हवं." आणि लग्न बारा दिवसांवर असताना दुसरी करायला बसलीस. हळदीच्या दिवशी तुझ्या बोटांना चिंध्या बांधलेल्या हुत्या. मी त्याच हातांवर हळद लावली.

का दिली, ते मी सहा वर्षं स्वतःला निरनिराळं सांगत आलो. त्या साली मालक आजारी हुते, आठवड्यातनं दोनदा त्यांना कोल्हापूरला न्ह्यावं लागायचं, डोकं ठिकाणावर न्हवतं, असं बी सांगून बघितलं. पण खरं न्हाय ते. त्यांच्या औषधपाण्याला काय कमी न्हवतं, त्यांच्या भावानं सगळं बघितलं. मला माझं पोरगं पुढं गेलेलं बघायचं हुतं. हुपरीतल्या मोठ्या लोकांनी त्याला नाव घेऊन हाक मारावी, एवढंच. आणि मला वाटलं, एका तोरडीनं शालूचं काय जाणार हाय, तिच्या हातात तर ती कला हायच. हात कुणी न्हेतंय व्हय?

न्हेले. पुढच्या दिवाळीपर्यंत गल्लीत तार घेऊन येणारा माणूस यायचा बंद झाला. चौदा घरं. कोण पेरू विकाय लागलं, कोण शेतावर गेलं. मी मशीनवर बसलो, तुटलेली साखळी उचलून परत लावायला. तू नळावर मला विचारलंस, "तू मशीनवर बसलीस व्हय दानक्का? बस. आमी कुठं बसायचं तेवढं सांग." मी घागर भरली आणि आलो. दुसऱ्या आठवड्यात तुझ्या दाराला कुलूप हुतं.

लिननं दिलेली तोरडी माझ्या ट्रंकेत हाय. टपालात चांदी घालू नये म्हणत्यात. दिवाळीला धोंडुबाई तिच्या भावाकडं कुरुंदवाडला येणार हाय, तिच्याजवळ देतो. ती विचारंल काय हाय म्हणून. सांगायला लागंल. सांगतो.

खाली आज 'अक्का' म्हणून सही करत न्हाय.

दानम्मा


रेंदाळ, ९ नोव्हेंबर २०२४

शालू,

धोंडुबाई पोचली असंल आणि तिनं तिच्या पद्धतीनं सगळं सांगितलं बी असंल. तरी माझ्याकडनं ऐक.

मी तिला एकटीला गाठून सांगणार हुतो. पण वसुबारसेच्या आदल्या दिवशी सगळ्या बाया आमच्या सोप्यात बसलेल्या हुत्या, त्या जाड तारंशी झटत. बाराजणी. शिवशरण तार कापून देत हुता. मी पुडी आणली आणि धोंडुबाईला म्हटलं, एवढं शालूला दे. तिनं तिथंच उघडली.

म्हणाली, "ही तर क्रांतीच्या लग्नातली. गटारात गेलती न्हवं?"

मी म्हटलं, "गटारात न्हाय. चीनला गेलती."

शिवशरणनं कात्री खाली ठेवली. म्हणाला, "अव्वा, चहा ठेव सगळ्यांना." मी बसून राहिलो आणि तुला लिवलं तेवढं सगळं सांगितलं. तोरडी कुणाची, कुणी दिली, मशीनचा हात कुणाच्या हातावरनं उलटा केला. लिनला मी काय सांगितलं ते बी. मधे बयाबाईचं नातवंड रडाय लागलं, तिनं त्याला मांडीवर घेतलं.

मग धोंडुबाई म्हणाली, "मशीननं काम न्हेलं म्हणून मी चीनला शिव्या घालत हुतो, दानक्का. सहा वर्षं. बाहेरचं संकट हाय, आपल्या हातात काय न्हाय, असं धरून चाललो. तू बी आमच्यात बसून शिव्या घालायचीस." तिनं हातातली तार माझ्यापुढं ठेवली आणि उठली. तिच्यामागनं एकेक करून सगळ्या उठल्या. तारा सगळ्यांनी मोजून मापून परत ठेवल्या. कुणी एक कडी बी न्हेली न्हाय; धोंडुबाईनं तुझी पुडी तेवढी न्हेली.

शिवशरण माझ्याशी पाच-सहा दिवस बोलला न्हाय. पाडव्याला प्रेरणानं आम्हाला समोरासमोर जेवाय बसवलं. तवा म्हणाला, "मी न्हेला नसता तर दुसऱ्या कुणी न्हेला असता. तिकडं लोक पोत्यानं नमुनं घेऊन आलते." म्हटलं, असंल. मग म्हणाला, "कंपनीनं मला बी फसवलंच की. हा नमुना फक्त तुमचा, दुसऱ्या कुणाला देणार न्हाय, असं म्हणालते. लिवून मागितलं असतं तर बरं झालं असतं."

मी म्हटलं, "तुझा नमुना दुसऱ्याला दिला म्हणून तुला राग आला न्हवं? तो शालूचा हुता. तिला कुणी विचारलं?"

तो भाकरी तशीच ठेवून उठला. वाईट पोरगं न्हाय ते, तुला म्हाईत हाय, तुझ्याच मांडीवर खेळलंय. पण त्याला आतापर्यंत ह्याच्यात दुसरं कोण हुतं हेच दिसलं न्हवतं. मीच दिसू दिलं न्हाय. भाऊबीजेच्या सकाळी, धोंडुबाई एसटीला निघायच्या आधी, तो आपणहून तिच्या दारात गेला. काय बोलला म्हाईत न्हाय. परत आला आणि म्हणाला, "सराफाची ऑर्डर परत करतोय. जमणार न्हाय म्हणून सांगतो. त्यांना बायांचं नाव-गाव देतो, त्यांनी त्यांचं बघावं."

बाया आता आमच्या दारावरनं जाताना बोलत न्हाईत. बयाबाई तेवढी दूध घ्यायला येती, भांडं पुढं करती, बघत न्हाय. मला वाटलेलं सांगून हलकं वाटंल. तसं काय झालं न्हाय. फक्त आता घरात बसलेलं असताना कुणी दारात आलं की माझी नजर ट्रंकेकडं जात न्हाय.

तुला यायला सांगत न्हाय. मी येऊ का, ते बी विचारत न्हाय.

दानम्मा


कुरुंदवाड, २४ नोव्हेंबर २०२४

दानक्का,

आई सांगतीय आणि मी, क्रांती, लिवतीय. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी महिनाभर वाचायचं-लिवायचं न्हाय म्हणून सांगितलंय. आई म्हणती, मी बोलीन तसंच लिव, मधलं काय गाळायचं न्हाय. इथनं पुढचं आईचं.

तोरडी पोचली. बोटानं चाचपून बघितली. माझीच हाय. शेवटनं तिसरी कडी जरा ढिली राहिलेली, तवाच मला खटकलं हुतं, आणि ती अजून तशीच हाय. क्रांतीनं तिन्ही तोरड्या ओळीनं ठेवल्या. आता तिच्या थोरलीला एक, धाकटीला एक, आणि एक वरची. बघू.

धोंडुबाई, बयाबाई आणि अजून चौघी पुढच्या सोमवारी एसटीनं येणार हायती. त्यांना कणीस मी शिकवतो. डोळं न्हाय म्हणून काय झालं, जोडणी माझ्या बोटात हाय. उजव्या हाताच्या माणसाला ती जमत न्हाय हे खरं न्हाय, दानक्का. तार उलटी धरली की जमती. तू कवा विचारलं न्हाईस. त्या सराफाशी बाया आपल्या आपण बोलल्यात. जाड तार त्याची, काम त्यांचं, मधे कुणी न्हाय. हे शिवशरणला चालत असंल तर चांगलं, नसंल तरी तसंच. पोरगं धोंडुबाईच्या दारात जाऊन खाली बसलं म्हणं. ते मला तिनंच सांगितलं.

राजकोटचा माल म्हणून बाया माझी कडी पायात घालून हिंडत असतील. हिंडू देत. त्यांचं त्यात काय चुकलं. त्या चीनवाल्याच्या आईचं तू लिवलंस, ते मी क्रांतीला दोनदा वाचाय लावलं.

आता माझं सांगतो.

तोरडी गटारात गेली न्हाय, हे मला त्याच दिवशी कळलं हुतं. तुझ्या दारातलं गटार त्याच महिन्यात ग्रामपंचायतीनं पक्कं केलेलं, पुढं जाळी लावलेली. त्यातनं चमचा गेला नसता. मी काठी घातली ती तुझ्यासाठी. तुझा चेहरा उतरलेला बघितला आणि मला वाटलं, हिचे मालक नागाप्पाभाऊजी दवाखान्यात हायती, हिनं मोडली असणार. गरज असंल. मागायला लाज वाटली असंल. म्हणून म्हणालो, जाऊ दे. बारा दिवस दुसरी करत बसलो तवा बोटं दुखायची, पण मनात राग न्हवता. उलट वाटायचं, चला, आपली चांदी दानक्काच्या कामाला आली. मशीन आलं, तू त्याच्यावर बसलीस, त्याचा राग आला. त्या रागानं घर सोडलं. पण तोरडीचा राग मी कवाच धरला न्हवता. ते मी माफ केलं हुतं.

आता तू लिवतीस, औषधपाण्याला काय कमी न्हवतं.

म्हणजे सहा वर्षं मी ज्या बाईला माफ करत हुतो ती तू न्हवंसच. ती दुसरीच कोण तरी हुती, अडलेली, गरीब. तिला माफ करणं सोपं हुतं. तुला कसं करायचं ते मला अजून कळंना. खोटं कशाला लिवू, ह्या महिन्यात तर कळणार न्हाय.

तू इकडं येऊ नको. बाया आल्यावर त्यांच्याबरोबर बी येऊ नको. मी बोलवीन, कवा ते सांगत न्हाय.

पत्रं मात्र लिव. घरातलं, गल्लीतलं, मशीनवरची चादर निघाली का ते बी. क्रांती वाचती, मी ऐकतो. उत्तराची वाट बघत बसू नको, आपलं लिवत राहा.

शालू